गुडघ्याचा पट्टा आणि सांध्याचे भान : एक चिकित्सा

सारांश

गुडघ्याला नी-कॅप, क्रेप बँडेज अथवा तत्सम पट्टा बांधल्याने सांध्याच्या स्थितीचे भान सुधारते, असे प्रतिपादन गेली तीन-चार दशके क्रीडावैद्यकाच्या क्षेत्रात होत आले आहे. महाविद्यालयीन मैदानावर या प्रतिपादनाचा अर्थ ‘पट्टा बांधला की गुडघा सुरक्षित’ असा लावला जातो. प्रस्तुत लेखात या विषयावरील काही प्रमुख प्रयोगांची चिकित्सा केली असून, पट्ट्याचा परिणाम खरा असला तरी तो अल्प, व्यक्तिसापेक्ष व तात्पुरता आहे आणि ज्या स्थितीत तो मोजला गेला ती स्थिती खेळाच्या स्थितीहून फार वेगळी आहे, असे मत मांडले आहे.

बीजसंज्ञा : स्थितिभान, नी-कॅप, क्रेप बँडेज, एसीएल, खो-खो, कबड्डी, कुस्ती.

१. प्रस्तावना

सांगली-तासगाव रस्त्यावरील माधवनगर परिसरात सायंकाळी एखाद्या मैदानाच्या कडेला उभे राहिले, तर एक गोष्ट सहज नजरेत भरते. कबड्डीचा वा खो-खोचा सराव करणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांच्या एका तरी गुडघ्यावर नी-कॅप असते. ज्यांचा गुडघा दुखावला आहे त्यांच्या गुडघ्यावर ती असतेच. परंतु ज्यांचा कधीच दुखावला नाही त्यांच्याही असते. विचारले असता उत्तर ठरलेले असते : ‘सर, गुडघा घट्ट वाटतो.’ या ‘घट्ट वाटण्या’चा नेमका अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

सातारा-सांगली हा पट्टा मल्लांचा. कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपतराव आंदळकर या दोघांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदके मिळवली. त्याच्या दहा वर्षे आधी, १९५२ साली, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी हेलसिंकी येथे ब्राँझपदक पटकावून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. पुढच्या ऑलिंपिकची त्यांची वाट मात्र गुडघ्याच्या दुखापतीने अडवली. गुडघा हा खेळाडूच्या आयुष्याचा कसा निर्णय करतो, हे या मातीला निराळे सांगावे लागत नाही.

या विषयाकडे वळण्याचे कारण माझ्या अनुभवात आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या खो-खो संघातील एका विद्यार्थिनीचा गुडघा सरावात मुरगळला. सूज चार-पाच दिवसांत उतरली. स्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती. नी-कॅप आणली, ती मीच तिच्या गुडघ्यावर चढवली. तिने मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि ‘आता काहीच वाटत नाही’ असे सांगितले. सामन्यात खांबाला वळसा घालताना तोच गुडघा निसटला. तपासणीत एसीएल, म्हणजे गुडघ्यातील पुढचा आडवा अस्थिबंध, तुटल्याचे निष्पन्न झाले. तो पहिल्या वेळी तुटला होता की दुसऱ्या, हे कोणालाही खात्रीने सांगता आले नाही. ती मुलगी पुन्हा स्पर्धेत उतरली नाही. ‘काहीच वाटत नाही’ या तिच्या वाक्यावर मी विश्वास ठेवला होता. तो विश्वास शास्त्रीय आधारावर होता की पट्ट्यावरील श्रद्धेवर, याचा शोध घेताना हे वाचन घडले.

२. संज्ञेचा विचार

डोळे मिटून आपला गुडघा किती वाकला आहे, हे आपण सांगू शकतो. अंधारात जिना उतरताना पाऊल कोठे पडणार याचा अंदाज शरीरालाच असतो. या क्षमतेला इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिले. ‘स्वतःचे’ या अर्थाचा लॅटिन शब्द त्याच्या मुळाशी आहे. मराठीत यासाठी रुळलेली एकच संज्ञा नाही. प्रस्तुत लेखात ‘स्थितिभान’ हा शब्द वापरला आहे. ‘ज्ञान’ हा शब्द टाळण्याचे कारण असे की, ही गोष्ट बहुतांशी जाणिवेच्या उंबरठ्याखाली चालते. ‘अंगवळणी पडणे’ या आपल्या वाक्प्रचारात तिचे मर्म अधिक नेमकेपणाने आले आहे.

स्थितिभान हरवल्यास काय होते, याचे बोलके उदाहरण इंग्लंडमधील इयान वॉटरमन यांचे आहे. १९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजारानंतर मानेखालील स्पर्श व स्थितिभान त्यांनी गमावले. स्नायू शाबूत होते. पण हातपाय कोठे आहेत हे कळेना. पुढे डोळ्यांनी आपल्या अवयवांवर सतत नजर ठेवून ते चालावयास शिकले. सांध्याची ताकद आणि सांध्याचे भान या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

हे भान येते कोठून? सांध्याचे वेष्टन व अस्थिबंध यांत ताण ओळखणारे संवेदक असतात, हे खरे. तथापि मुख्य वाटा स्नायूंचा आहे. स्नायूत तर्कूच्या आकाराचे सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने, हे ते मज्जासंस्थेस कळवतात. गुडविन, मॅक्लॉस्की व मॅथ्यूज यांनी १९७२ साली हातावरील कंडरेला कंपन देऊन दाखवले की, डोळे मिटलेल्या माणसाला कोपर प्रत्यक्षात नसलेल्या स्थितीत असल्याचा भास होतो. सांधा तोच, जागा तीच. केवळ स्नायूकडून येणारा संदेश बदलला की भान चुकते.

तिसरा स्रोत त्वचेचा. तो दीर्घकाळ उपेक्षित राहिला. गुडघा वाकवला की पुढची त्वचा ताणली जाते व मागची चुरगळते. या ताणातून गुडघ्याच्या हालचालीची माहिती मिळते, हे स्वीडनचे एडिन यांनी २००१ साली मांडले. २००५ साली कॉलिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचा ताणूनच बोट, कोपर व गुडघा यांच्या हालचालीचा भास निर्माण करून दाखवला. नी-कॅपच्या चर्चेत या तिसऱ्या स्रोताला कळीचे स्थान आहे.

३. पट्टा नेमके काय करतो?

सामान्य समज असा की, पट्टा गुडघ्याला बाहेरून ‘धरून’ ठेवतो. बाजूला धातूच्या पट्ट्या व बिजागरी असलेल्या भारी साधनांबाबत हे काही अंशी म्हणता येईल. परंतु आपल्या खेळाच्या दुकानात मिळणारी विणलेली वा निओप्रिनची नी-कॅप ही मुळात एक घट्ट बाही आहे. पूर्ण वेगाने धावणारी मुलगी एका पायावर वळते, त्या क्षणी गुडघ्यावर येणाऱ्या पिळाला ही बाही रोखू शकत नाही. हाताने ती जितकी सहज ताणली जाते, तितकीच सहज ती त्या पिळापुढेही ताणली जाईल.

मग ‘घट्ट वाटते’ ते काय? ती त्वचेवरील दाबाची संवेदना होय. पट्टा त्वचेला सर्व बाजूंनी दाबतो, गुडघा हलला की त्वचेशी घासतो आणि निओप्रिनचा असल्यास ऊबही धरून ठेवतो. त्यामुळे त्वचेकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांत भर पडते. थेइस व सहकाऱ्यांनी २०१० साली मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांचा आधार घेऊन, गुडघ्यावर साधन असताना हालचालीशी संबंधित मेंदूभागांतील क्रिया बदलते, असे दाखवले. म्हणजे पट्टा हा खांबापेक्षा निरोप्याचे काम अधिक करतो. निरोप्या उपयुक्त असतो. पण तो भार उचलत नाही.

४. प्रयोगांचा आढावा

स्थितिभान मोजण्याची रूढ पद्धत अशी. व्यक्तीला उंच आसनावर बसवून पाय लोंबकळत ठेवतात व डोळे झाकतात. गुडघा एका ठरावीक कोनात नेऊन काही क्षण थांबवतात, पुन्हा मूळ जागी आणतात आणि तोच कोन तिला स्वतः साधण्यास सांगतात. मूळ कोन आणि साधलेला कोन यांतील फरक म्हणजे चूक. चूक जितकी कमी तितके भान चांगले.

या पद्धतींच्या आधारे बॅरेट, कॉब व बेंटली यांनी १९९१ साली निरोगी, संधिवाताने झिजलेले आणि कृत्रिम सांधा बसवलेले अशा गुडघ्यांची तुलना केली. वयानुसार भान हळूहळू मंदावते, झिजलेल्या गुडघ्यात ते अधिक दुबळे असते आणि साधी लवचीक पट्टी बांधल्यावर त्यात सुधारणा होते, असे त्यांना आढळले. पर्लाऊ व सहकाऱ्यांनी १९९५ साली कोणतीही तक्रार नसलेल्या ५४ व्यक्तींवर हाच प्रश्न तपासला. तेथेही पट्टीने सुधारणा झाली. परंतु ज्यांचे भान मुळात कच्चे होते त्यांना लाभ अधिक झाला आणि पट्टी काढल्यावर तो टिकला नाही.

बर्मिंगहॅम व सहकाऱ्यांचा १९९८ चा प्रयोग या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. त्यांनी निओप्रिनची बाही दोन परिस्थितींत तपासली : एकदा बसून, पाय मोकळा ठेवून, आणि दुसऱ्यांदा निजलेल्या स्थितीत, पायावर भार देऊन. पहिल्या स्थितीत दिसलेला लाभ दुसऱ्या स्थितीत बराच कमी झाला. भार आला की स्नायू व सांध्यातील संवेदक स्वतःच मोठ्याने बोलू लागतात आणि त्या गलक्यात त्वचेच्या जादा संदेशाचे मोल घटते, असा याचा अर्थ लावता येतो.

कॅलाहन व सहकाऱ्यांनी २००२ साली गुडघ्याच्या वाटीवर चिकटपट्टी लावून ५२ निरोगी व्यक्तींची चाचणी घेतली. संपूर्ण गटाचा विचार करता फरक पडला नाही. मात्र चूक पाच अंशांपर्यंत असणारे आणि त्याहून अधिक असणारे असे दोन गट केल्यावर, दुसऱ्या गटास लाभ झाल्याचे दिसले. याउलट रिसबर्ग व सहकाऱ्यांनी १९९९ साली एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात पट्ट्यामुळे स्थितिभान सुधारल्याचे आढळले नाही. ज्या गुडघ्यांसाठी आपण पट्टा सर्वाधिक विश्वासाने सुचवतो, नेमके त्यांच्याबाबतीतच हे उत्तर मिळावे, ही विचार करण्याजोगी बाब आहे.

५. चिकित्सा

उपरोक्त प्रयोग प्रामाणिक आहेत, याविषयी शंका नाही. आक्षेप त्यांच्यावर उभारलेल्या सार्वत्रिक निष्कर्षाला आहे. ते आक्षेप पुढीलप्रमाणे मांडता येतील.

पहिला आक्षेप मापनाच्या स्थितीचा. आसनावर बसून, डोळे झाकून, सावकाश एक कोन साधणे ही प्रयोगशाळेची कृती आहे. खो-खोत आठ गडी पाटीवर बसलेले असतात. पाठीवर ‘खो’ पडताच दुमडलेल्या गुडघ्यातून उठून क्षणार्धात वेग घ्यावा लागतो; एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत माघारी फिरता येत नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडला जातो आणि वरचे शरीर मध्यरेषेकडे झेपावत असते. गुडघा या दोन ओढींच्या मध्ये सापडतो. कुस्तीत पट काढताना एक गुडघा मातीला टेकतो व त्याच्यावरच सारे अंग फिरते. या तिन्ही कृतींत भार आहे, वेग आहे आणि पिळ आहे. ज्या परीक्षेत या तिन्हींना स्थान नाही, तिचा निकाल मैदानावर जसाच्या तसा लागू करणे तर्कदुष्ट ठरते.

दुसरा आक्षेप सरासरीचा. एखाद्या गटाचे भान सरासरीने सुधारले, एवढ्याने प्रत्येकाचे सुधारले असे होत नाही. पर्लाऊ आणि कॅलाहन या दोहोंच्या प्रयोगांतून एकच गोष्ट पुढे येते : लाभ मुख्यतः कच्चे भान असणाऱ्यांना होतो. निरोगी, सरावातल्या खेळाडूला फारसे मिळवण्यासारखे नसते. असे असता संपूर्ण संघाला सरसकट नी-कॅप वाटणे म्हणजे वर्गातील सर्वांनाच एका नंबरचा चष्मा देण्यासारखे आहे. त्यात गटाचे विभाजन आकडे हाती आल्यानंतर केले असेल, तर तो निष्कर्ष अधिक जपून स्वीकारावा लागतो. ज्याची चूक पहिल्या चाचणीत योगायोगाने मोठी आली, त्याची दुसऱ्या चाचणीत पट्ट्याविनाही कमी येण्याचा संभव असतो. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना ही बाब नवी नाही.

तिसरा आक्षेप अंशांचा. या प्रयोगांतील सुधारणा साधारणपणे एखाद्या अंशाच्या आसपासची असते. घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत एक अंश सरकतो. तो सरकलेला डोळ्यांना जाणवतही नाही. ती सुधारणा संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरली, तरी तेवढ्याने दुखापत टळते असे सिद्ध होत नाही. ‘लक्षणीय’ हा संख्याशास्त्रातील शब्द व्यवहारात ‘महत्त्वाचा’ या अर्थाने वाचला जातो आणि तेथेच गफलत होते.

चौथा आक्षेप आंधळेपणाच्या अभावाचा. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणती हे रुग्णास कळू न देता येते. पट्ट्याच्या बाबतीत ते जवळपास अशक्य आहे. पट्टा बांधला आहे हे ज्याचे त्याला कळतेच. ‘आपणास आधार आहे’ या भावनेने लक्ष अधिक एकाग्र होत असेल, तर मोजली गेलेली सुधारणा त्वचेची किती आणि विश्वासाची किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी या प्रश्नात लक्ष घालण्यास मोठा वाव आहे.

पाचवा आक्षेप अभ्यासल्या गेलेल्या गुडघ्यांचा. वर उल्लेखिलेले सर्व प्रयोग पाश्चात्त्य देशांतील आहेत. खुर्चीवर बसणाऱ्या समाजाचे गुडघे आणि मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसून भांगलण करणाऱ्या, रोज शेकडो बैठका मारणाऱ्या समाजाचे गुडघे यांच्या सवयी भिन्न आहेत. रूढ चाचण्यांचा भर गुडघा मध्यम वाकलेला असतानाच्या कोनांवर आहे. खो-खोचा गडी ज्या खोल कोनातून उठतो तेथील भानाविषयी त्या मौन राहतात. शिवाय चाचणी वातानुकूलित खोलीत काही मिनिटांत आटोपते. एप्रिल-मे महिन्यात सांगलीच्या उन्हात घामाने भिजलेली, खाली सरकणारी, सैल पडलेली नी-कॅप तोच परिणाम देईल काय, हा प्रश्न अनुत्तरित आहे.

६. भान आणि धीर

या चिकित्सेतून मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटलेला मुद्दा असा की, पट्टा दोन गोष्टी देतो : थोडे भान आणि पुष्कळ धीर. या दोहोंची गल्लत घातक आहे. दुखापत झालेल्या गुडघ्याची वेदना व डळमळ ही शरीराने दिलेली सूचना असते. पट्ट्याच्या दाबाने आणि उबेने वेदना मंदावली, तर सूचना ऐकू येईनाशी होते. सूचनेचे कारण मात्र तसेच राहते. ‘आता काहीच वाटत नाही’ हे वाक्य अशा वेळी गुडघा बरा झाल्याचा पुरावा मानता येत नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हीच चूक झाली, आणि ती मुलीची नव्हती.

याचा अर्थ पट्टा टाकाऊ आहे असा नव्हे. झिजलेल्या गुडघ्याने जिना चढणाऱ्या पन्नाशीच्या व्यक्तीला क्रेप बँडेजने हायसे वाटत असेल, पाऊल टाकताना खात्री वाटत असेल, तर तो लाभ खरा आहे. बॅरेट यांच्या अभ्यासाचा रोखही तिकडेच आहे. दुखापतीनंतर व्यायामाच्या आरंभकाळात, वैद्यकीय सल्ल्याने, पट्टा हा कुबडीसारखा उपयोगी पडू शकतो. मातीवर वा मॅटवर घसरताना कातडी सोलवटण्यापासून तो बचावही करतो. आक्षेप आहे तो त्याला परवान्याचे रूप देण्याला.

स्थितिभान वाढवण्याचा अधिक भरवशाचा मार्ग सरावाचा आहे. काराफा व सहकाऱ्यांनी १९९६ साली इटलीतील ६०० फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी तोल सांभाळण्याच्या फळीवर टप्प्याटप्प्याने सराव केला, त्यांच्यात एसीएलच्या दुखापती बऱ्याच कमी आढळल्या. २००८ साली नॉर्वेतील मुलींच्या फुटबॉल संघांवर झालेल्या अभ्यासातही, तोल, ताकद व योग्य पद्धतीने उडी टेकवणे यांवर भर देणाऱ्या सराव-पूर्व व्यायामाने दुखापती घटल्याचे दिसून आले. या व्यायामांना महागडी साधने लागत नाहीत. आपल्या तालमींतील बैठका, एका पायावरील उड्या आणि मल्लखांबावरील गुडघ्याची पकड यांतही स्नायूला भार व तोल यांची शिकवण मिळतेच. तिची शास्त्रशुद्ध मांडणी व तपासणी करणे बाकी आहे.

महाविद्यालयाच्या पातळीवर तीन गोष्टी तातडीने करता येतील. एक, पट्टा देण्यापूर्वी खेळाडूला डोळे मिटून एका पायावर उभे करावे, एका पायावर अर्धी बैठक मारण्यास सांगावे आणि दोन्ही पायांतील फरक नोंदवावा. दोन, गुडघा मुरगळून लगेच सुजला असेल किंवा चालताना निसटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाने तपासल्याखेरीज खेळाडूला मैदानात उतरवू नये. १८९४ पासून रुग्णालयाची परंपरा सांगणारी मिरज माधवनगरपासून काही किलोमीटरवर असताना याबाबत सबब चालणार नाही. तीन, पट्टा बांधूनच नव्हे, तर पट्टा काढूनही तो खेळाडू धावू, वळू व थांबू शकतो का, हे पाहावे. जो गुडघा पट्ट्याविना वळू शकत नाही, तो पट्ट्यासह सामन्यात उतरवण्याच्या लायकीचा नाही.

७. समारोप

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्रातील खेळाडूंकडे होते. आपल्या अंगणातला खेळ जगाच्या मॅटवर गेला आहे. त्या खेळातील गुडघ्याचे शास्त्र मात्र आपण अद्याप फुटबॉलच्या आणि बसून दिलेल्या चाचण्यांच्या आधारावर उसने घेत आहोत. खो-खोच्या बैठकीतून उठणारा, चढाईत ओढला जाणारा आणि मातीत टेकणारा गुडघा मोजण्याचे काम सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांनी हाती घ्यावे. शारीरिक शिक्षण, पदार्थविज्ञान, संख्याशास्त्र व मानसशास्त्र हे विभाग एकाच इमारतीत असताना ते अशक्य नाही.

तोपर्यंत नी-कॅपविषयी एवढेच म्हणता येईल की, ती गुडघ्याशी थोडे बोलते. गुडघ्याच्या वतीने उत्तर देत नाही. ते उत्तर ऐकण्याची जबाबदारी पट्टा बांधून देणाऱ्याची आहे.